चित्र झकास, पण गोष्ट?

पडद्यावरची चित्रं कशी हलतात? एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात. डोळ्याला वाटतं, माणूस चालतोय.

सन २००१ मध्ये ‘फायनल फँटसी’ नावाचा इंग्रजी सिनेमा निघाला. त्याच नावाच्या संगणकावरच्या खेळावरून तो केला. त्यात पडद्यावर खरे नट दिसत नाहीत. माणसं संगणकावर काढलेली. नायिकेचे केसच सुमारे ६०,०००!

काही प्रेक्षक म्हणाले, “वा, हुबेहूब माणसं!” काही म्हणाले, “डोळ्यांत जीव नाही, गोष्टही रंगत नाही.” सिनेमाचा खर्चसुद्धा भरून निघाला नाही.

आमच्या कर्जत-खालापूरकडे जत्रेतला तमाशा पाहून लोक पारावर असंच बोलतात, “सोंग चांगलं, पण वग पडला.”

तेव्हा मंडळी, पोरांबरोबर सिनेमा पाहाल, तर आपलं मत सांगा. त्याला पदवी लागत नाही.