उडी बंजीची, झोका दरीचा

न्यूझीलंड फिरून आलेल्या कुणाचेही फोटो बघा. त्यात एक फोटो हमखास सापडतो. खाली हिरवी-निळी नदी, वर जुना पूल, पुलाच्या बाहेर आलेल्या फळीवर पाय बांधलेला एक माणूस, आणि चेहऱ्यावर ‘व्हायव्याला आत बोलावलंय’ असे भाव! हा पूल म्हणजे क्वीन्सटाउन गावाजवळचा कावाराउ पूल. बांधला १८८० साली, नदीपासून उंची ४३ मीटर. १९८८ च्या नोव्हेंबरपासून इथे लोक पैसे मोजून उड्या मारतायत, आणि कायमस्वरूपी चालणारं जगातलं पहिलं व्यावसायिक बंजी केंद्र म्हणून हाच पूल ओळखला जातो.

याच गावाच्या आसपास दुसरा एक प्रकार आहे, कॅनियन स्विंग. शॉटओव्हर नदीच्या दरीवर १०९ मीटर उंचीवर कड्याला चिकटून एक मचाण आहे. तिथून उडी मारायची, साधारण ६० मीटर सरळ खाली पडायचं आणि मग दरीतून भलामोठा झोका घ्यायचा. आपल्याकडे वडाच्या पारंब्यांना धरून पोरं करतात तेच, फक्त पारंबी शंभर मीटरची!

वरवर पाहता दोन्ही सारखंच वाटतं. उंचावरून उडी, दोर, किंकाळी, आणि शेवटी ‘पैसा वसूल’. पण मेकॅनिक्सच्या दृष्टीने हे दोन पूर्ण वेगळे प्राणी आहेत. बंजीचा दोर मूळ लांबीच्या तिप्पट-चौपट ताणतो. स्विंगचा दोर जवळजवळ ताणतच नाही. तरीही दोन्ही ठिकाणी माणूस हसत वर येतो. असं का, हे समजून घेण्यात खरी गंमत आहे.

आधी थोडा इतिहास. पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू देशात पेंटेकॉस्ट नावाचं बेट आहे. तिथले पुरुष लाकडी मनोरा उभारतात, घोट्यांना वेली बांधतात आणि वीस-तीस मीटरवरून खाली झेपावतात. डोकं किंवा खांदा जमिनीला जेमतेम टेकला की उडी उत्तम! वेल फारशी ताणत नाही, म्हणून खालची जमीन भुसभुशीत करून ठेवतात, आणि उड्यांचा हंगाम पावसाळ्यानंतरचा, साधारण एप्रिल ते जून, म्हणजे वेली ओल्या आणि लवचीक असतात तेव्हाचा. १९७४ साली इंग्लंडच्या राणीच्या भेटीसाठी हंगामाच्या आधीच उड्या ठेवल्या गेल्या. वेली पुरेशा लवचीक नव्हत्या. त्यात एकाचा जीव गेला. ‘मटेरियलचे गुणधर्म ओलाव्यावर अवलंबून असतात’ हे वाक्य आपण पेपरात दोन मार्कांसाठी लिहितो. त्या बेटावर ते परंपरेनेच माहीत होतं, पाहुण्यांच्या वेळापत्रकाला माहीत नव्हतं.

या बेटावरून स्फूर्ती घेऊन ऑक्सफर्डच्या ‘डेंजरस स्पोर्ट्स क्लब’च्या मंडळींनी १ एप्रिल १९७९ रोजी ब्रिस्टलच्या क्लिफ्टन झुलत्या पुलावरून उड्या मारल्या, तेही वेलीऐवजी रबरी दोर बांधून. पहिला डेव्हिड कर्क, डोक्यावर उंच हॅट आणि हातात शॅम्पेनची बाटली! वर आल्यावर पोलिसांनी अटक केली, हे ओघानं आलंच. पुढे न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेटने १९८७ साली आयफेल टॉवरवरून उडी मारली, त्यालाही पकडलं, आणि पुढच्या वर्षी त्याने हेन्री व्हॅन ॲशबरोबर कावाराउला धंदा सुरू केला. अटक होण्याच्या गोष्टीचा रीतसर परवान्याचा धंदा झाला, यामागे रबराच्या दोराचा नीट केलेला अभ्यास आहे.

आता गणित. घाबरू नका, फर्स्ट इयरचंच आहे. दोराची मूळ लांबी ‘ल’, आणि सगळ्यात खाली पोचल्यावर त्यात झालेली वाढ ‘क्ष’. माणूस एकूण (ल + क्ष) इतका पडला. तेवढी स्थितिज ऊर्जा गमावली आणि ती सगळी दोरात साठली. दोर हूकचा नियम पाळतो असं धरून समीकरण मांडलं, की तळाशी दोरात येणारा ताण असा निघतो:

ताण = २ × वजन × (१ + ल/क्ष)

या सूत्रात काय नाही ते बघा. उंची नाही! माणूस ४३ मीटरवरून उडी मारो की १३४ मीटरवरून, तळाशी बसणारा हिसका ठरतो फक्त दोर मूळ लांबीच्या किती पट ताणला यावर. दोर एकूण चौपट झाला (म्हणजे क्ष = ३ल), तर ताण वजनाच्या २.६७ पट. आता बंजीऐवजी गिर्यारोहणाचा डायनॅमिक दोर घेतला आणि तो ३० टक्के ताणला असं धरलं, तर ८.६७ पट. आणि व्हॅली क्रॉसिंगला वापरतात तो स्टॅटिक दोर पाच टक्केच ताणला, तर ४२ पट! दोर कदाचित टिकेल, घोटे टिकणार नाहीत. ‘दोर जितका मजबूत तितकं सुरक्षित’ ही आपली घरगुती समजूत इथे आडवी पडते. बंजीत जीव वाचवतो तो दोराचा मऊपणा.

मग वजनाचं एवढं का असतं? उडीआधी काट्यावर उभं करतात आणि वजन मार्करने हातावर लिहितात. का, ते उदाहरणाने पाहू (आकडे माझे, सोयीचे घेतलेले). ६० किलोच्या माणसासाठी १० मीटरचा दोर असा निवडला की तो ताणून बरोबर ४० मीटर होतो. कावाराउच्या ४३ मीटरमध्ये बसला. आता तोच दोर ७५ किलोच्या माणसाला बांधला. समीकरण सोडवा, उत्तर येतं साधारण ४६ मीटर. फरक १५ किलोचा, पण खोली सहा मीटरने वाढली आणि माणूस नदीत! शिवाय तो उलटा लटकतोय, म्हणजे घोट्यापासून पुढे सरळ केलेल्या हातांपर्यंतची लांबी अजून धरलेलीच नाही. म्हणूनच वजनगटाप्रमाणे वेगवेगळे दोर ठेवतात. कावाराउला हेच गणित उलटं वापरतात: कुणाला केस भिजवून हवे असतील तर दोर तसा जुळवून देतात. वजन विचारल्यावर लाजून चार किलो कमी सांगणाऱ्यांसाठीच काटा ठेवलेला असतो.

जाता जाता व्हायव्याचा आवडता प्रश्न: वेग जास्तीत जास्त कुठे? ‘दोर ताणायला लागतो तिथे’ असं बहुतेक जण ठोकून देतात. चूक! ताणायला लागल्यावरही दोराची ओढ वजनापेक्षा कमीच असते, म्हणून वेग वाढतच राहतो. ओढ वजनाइतकी झाली की मग उतार सुरू. वरच्या उदाहरणात दोर १० मीटरवर ताणू लागतो तेव्हा वेग तासाला ५० किमी आणि २१ मीटरच्या आसपास ६३ किमी. अजून एक मजा म्हणजे दोर ताणण्याआधी माणूस गुरुत्वत्वरणापेक्षा किंचित जास्तच त्वरणाने पडतो, कारण लोंबणाऱ्या दोराची जी बाजू थांबत जाते तिची ऊर्जा त्याच्याकडे येते. दोर हलका असता तर फरक नगण्य, पण बंजीचा दोर चांगलाच जड असतो.

जाहिरातीही जरा इंजिनिअरच्या नजरेने वाचाव्यात. क्वीन्सटाउनजवळच्या नेव्हिस बंजीची उंची १३४ मीटर आणि जाहिरातीत ‘८.५ सेकंद फ्री फॉल’. खरोखर मोकळं पडलं (हवेचा विरोध सोडून) तर १३४ मीटरला ५.२ सेकंद पुरतात, आणि ८.५ सेकंदांत माणूस साडेतीनशे मीटर खाली जाईल! म्हणजे त्या वेळात रबराने ब्रेक लावण्याचा वेळही धरलेला आहे. खोटं नाही म्हणणार मी, पण ‘फ्री’ नक्कीच नव्हे.

खरं रबर हूकचा नियम पाळत नाही, हे आपल्याला एस.ओ.एम.च्या पुस्तकात एका वाक्यात सांगून सोडून देतात. बंजीचा दोर नैसर्गिक लेटेक्स रबराच्या शेकडो बारीक धाग्यांचा असतो. सुरुवातीला घट्ट, मध्ये मऊ, शेवटी पुन्हा घट्ट असा त्याचा आलेख. सोडताना तो ताणतानाच्या रेषेवरून परत येत नाही; मधलं क्षेत्रफळ म्हणजे उष्णतेत गेलेली ऊर्जा, तोच आपला हिस्टेरिसिस. हा ‘तोटा’ नसता तर माणूस पुन्हा पुलापर्यंत वर आला असता आणि खाली-वर करत संध्याकाळ झाली असती. ऊन आणि ओझोन रबराला खातात, म्हणून प्रत्येक दोराच्या उड्यांची नोंदवही असते आणि ठरलेल्या उड्यांनंतर, धडधाकट दिसत असला तरी, तो बाद करतात. बंजीसाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं संयुक्त मानकच २००० साली निघालं.

आता दरीतला झोका. इथे दोर ताणत नाही, तर वरच्या सूत्राप्रमाणे ४२ पट हिसका बसायला हवा ना? नाही बसत, कारण इथे दोर माणसाला थांबवतच नाही. तो फक्त दिशा बदलतो. दोराचं टोक उडीच्या जागेवर नसून दरीच्या मध्यावर, आरपार ताणलेल्या केबलींवर असतं. माणूस पडत असताना दोर हळूहळू सरळ होतो, आणि ताठ होतो तेव्हा माणसाचा वेग बराचसा दोराला काटकोनात असतो. दोराच्या दिशेने जो थोडा घटक उरतो, हिसका तेवढाच. तिथून पुढे निव्वळ लंबक. दोर आडवा असताना सोडलेल्या लंबकाच्या तळाशी ताण वजनाच्या तिप्पट येतो, आणि याही उत्तरात लांबी येत नाही. (या ३ जीचा मोबाइलशी संबंध नाही.) बंजी २.६७, झोका ३. मऊ दोर ऊर्जा साठवून जे करतो, ते ताठ दोर भूमितीने करतो!

अर्थात ही भूमिती बिघडली की मऊपणा वाचवायला नसतो. अमेरिकेचा गिर्यारोहक डॅन ऑस्मन गिर्यारोहणाच्या दोरांवर अशाच प्रचंड उड्या मारायचा. नोव्हेंबर १९९८ मध्ये योसेमिटीत त्याने उडीचा कोन बदलला. दोर एकमेकांवर आडवे आले आणि घासून नायलॉन वितळला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. ऑस्मन वाचला नाही.

अनुभव म्हणाल तर तोही वेगळा. बंजीत पाय बांधलेले आणि डोकं खाली. तळाशी रक्त डोक्याकडे धावतं. डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून रक्तदाब, डोळे, पाठ यांचा त्रास असणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना नाही म्हणतात. स्विंगमध्ये कमरेच्या-छातीच्या पट्ट्यांत माणूस जवळजवळ बसलेला असतो. त्यामुळे उलटं, पाठमोरं, चक्क प्लास्टिकच्या खुर्चीला बांधून घेऊन दरीत कलंडणं, असले प्रकार चालतात. आणि बंजीत उसळ्या बसतात, तर इथे शांतता. नेव्हिसच्या झोक्याचा दोर १२० मीटरचा. लंबकाचं सूत्र लावा: एक पूर्ण झोका वीस-पंचवीस सेकंदांचा. नागपंचमीचा झोका तेवढ्या वेळात सात-आठ वेळा जाऊन येतो.

दोर तुटल्याची बातमी सगळ्यांना आठवते. ३१ डिसेंबर २०११ रोजी व्हिक्टोरिया धबधब्याजवळच्या १११ मीटर उंच पुलावर एका ऑस्ट्रेलियन मुलीचा दोर तुटला, ती पाय बांधलेल्या अवस्थेत झांबेझी नदीत पडली आणि तरीही पोहून वाचली. पण मला जास्त हादरवते ती स्पेनमधली २०१५ ची घटना. पुलावर उभ्या असलेल्या सतरा वर्षांच्या डच मुलीचा दोर पुलाला अडकवलेलाच नव्हता. प्रशिक्षकाने तोडक्या इंग्रजीत ‘नो जंप’ म्हटलं, ते तिला ‘नाऊ जंप’ ऐकू आलं असावं असं कोर्टात पुढे आलं. तिने उडी मारली. समीकरण, रबर, मानक या सगळ्याच्या आधी एक हुक आणि दोन शब्द होते. म्हणून चांगल्या ठिकाणी एकाने बांधलेलं दुसरा माणूस स्वतः हात लावून तपासतो, आणि उडीसाठी ‘नाही’शी गोंधळ न होणारी आकड्यांची उलटी मोजणी करतात.

आपल्याला न्यूझीलंड परवडणार कधी, असं म्हणणाऱ्यांसाठी हृषीकेशजवळ मोहनचट्टीला २०१० पासून ८३ मीटरची बंजी आहे आणि शेजारी मोठा झोकाही. ट्रेनचं तिकीट काढाल तेव्हा तिथे गेल्यावर दोन गोष्टी बघा: तुमचं वजन ते काट्यावर घेतात की तोंडी विचारतात, आणि तुमचा हुक किती जण तपासतात. वजन तोंडी विचारलं तर गंगेत डुबकी मारून परत या, तीही काठावरूनच.