पहिली गोळी जड, पुढच्या हलक्या : डबल ॲक्शन पिस्तूल निवडताना

१९७६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आयपीएससी या प्रात्यक्षिक नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांत ‘प्रॉडक्शन’ गटात हॅमरवाल्या डबल ॲक्शन पिस्तुलांची चलती आहे. इथे नेमबाज हॅमर पूर्ण खाली ठेवूनच सुरुवात करतो. पहिल्या गोळीला ट्रिगर लांबवर आणि जोर लावून ओढावा लागतो, कारण तोच ओढा हॅमर मागे नेतो आणि सोडतोही. गोळी सुटताच स्लाइड हॅमर पुन्हा चढवते. दुसऱ्या गोळीपासून ट्रिगर आखूड आणि हलका.

म्हणून खरी परीक्षा पहिल्या गोळीची.

चेक कंपनीच्या सीझेड ७५ वंशातलं ‘शॅडो २’ २०१६ मध्ये आलं आणि या गटात लोकप्रिय झालं. पोलादी सांगाड्यामुळे रिकाम्या पिस्तुलाचं वजन सुमारे १.३ किलो. हे वजन गोळीचा झटका गिळतं, नेम लवकर परत बसतो. पण दिवसभर हात उचलून मनगट दुखतं, तेही खरं.

आणखी एक बारकावा : शॅडो २ ला डीकॉकर, म्हणजे चढलेला हॅमर सुरक्षितपणे खाली आणणारा खटका, नाही. भरलेल्या पिस्तुलाचा हॅमर अंगठ्याने धरून, ट्रिगर दाबत हळूच खाली आणायचा. नळी कायम सुरक्षित दिशेला. सीझेड ७५ बीडी या मॉडेलमध्ये हे काम खटक्याने होतं.

भारतात ९ मिमी, म्हणजे शॅडो २ चाच बोअर (नळीचा व्यास), सामान्य परवानाधारकांसाठी निषिद्ध आहे. तेव्हा मॉडेल ठरवण्याआधी कायदा आणि गटाची चालू नियमावली वाचा, मग ग्रिप हातात धरून बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचतं का ते पाहा.