ब्रेक मागच्या ट्रॉलीलाही हवा

गळीत हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर परिसरातील रस्त्यांवर उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्यांची रांग दिसू लागते. कसबा बावड्याच्या राजाराम कारखान्याकडे जाणारी काही वाहने तर शहराच्या वेशीतूनच जातात. पुढे एक ट्रॅक्टर आणि मागे दोन ट्रॉल्या. हे ओझे ओढले कसे जाते, याचे पाहणाऱ्याला नवल वाटते. खरे तर नवल वाटायला हवे ते हे ओझे थांबते कसे याचे.

ट्रॅक्टरचा ब्रेक सर्वसाधारणपणे केवळ मागील दोन चाकांवर लागतो. त्या चाकांवर अडीच टन भार आणि ट्रॉल्यांसह एकूण वजन २० टन आहे, असे धरू. सर्व चाकांना ब्रेक असता, तर ताशी ३० किलोमीटर वेगातील हे वाहन कोरड्या रस्त्यावर सहा-सात मीटरमध्ये थांबले असते. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला असेल, तर तेच अंतर आठपट, म्हणजे सुमारे ४७ मीटर होते. चालकाला भान येऊन पाय पेडलवर पडेपर्यंतचे अंतर वेगळेच. रस्त्याला शंभर मीटरमागे साडेसात मीटर उतार असेल, तर हिशेबाने हे वाहन थांबतच नाही. मागचे ओझे ट्रॅक्टरला ढकलत राहते आणि ट्रॅक्टर किंचित तिरपा असला, तर हुकापाशी दुमडून आडवा होतो.

त्यात आणखी एक बारकावा आहे. शेतात जागच्या जागी वळता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या व उजव्या चाकासाठी ब्रेकची दोन स्वतंत्र पेडले असतात. रस्त्यावर येताना ती खिटीने एकत्र जोडणे आवश्यक असते. खिटी विसरली आणि पाय एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक अडते व ट्रॅक्टर गर्रकन वळतो. मागे ओझे असताना याचा अर्थ काय, हे सांगण्याची गरज नाही.

यावरचा उपाय जगात जुनाच आहे: मागच्या वाहनाला त्याचा स्वतःचा ब्रेक द्यावा आणि तो पुढच्याच्या ब्रेकबरोबर लागावा. युरोपात हलक्या ट्रेलरना ‘धक्क्याचा’ ब्रेक असतो. ट्रेलर पुढच्या गाडीला ढकलू लागला, की त्या दाबानेच त्याचा ब्रेक लागतो. जड वाहनांना हवेचा ब्रेक असतो. अमेरिकेत पिकअपमागे जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरना बहुधा विजेचा ब्रेक असतो. ट्रेलरच्या ड्रममध्ये विद्युतचुंबक असतात आणि त्यांना किती वीज द्यायची, हे चालकाजवळचा नियंत्रक ठरवतो. पूर्वी तो बाहेरून बसवावा लागे. फोर्डने २००५ च्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये तो कारखान्यातच बसवून दिला.

हा नियंत्रक ‘ट्रेलर जोडलेला नाही’ असा इशारा देऊ लागला, की मालकाचा पहिला संशय त्या महागड्या डबीवर जातो. दोष मात्र बहुतेक वेळा तिच्यात नसतो. सात पिनांच्या सॉकेटमध्ये चढलेला गंज, ट्रेलरच्या सांगाड्यापाशी सैल झालेली अर्थिंगची तार किंवा आसाजवळ घासून उघडी पडलेली वायर, ही नेहमीची कारणे. जाणकार फिटर प्रथम ट्रेलरची जोडणी काढतो. शॉर्ट सर्किटचा इशारा तेवढ्याने गेला, तर दोष मागे आहे. मग तो चुंबकांचा प्रवाह मोजतो. चार चुंबकांच्या ट्रेलरला बारा व्होल्टवर सुमारे १२ अँपिअर लागतात. नऊच दिसले, तर एक चुंबक बंद आहे. सर्व ठीक असूनही ब्रेक कमी लागत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर मंद वेगात हाताच्या कळीने केवळ ट्रेलरचा ब्रेक लावून पाहायचे आणि चाके फरफटण्याच्या किंचित अलीकडे मात्रा ठेवायची. ओझे बदलले, की मात्राही बदलते.

हवेच्या ब्रेकच्या ट्रॉलीलाही तपासण्याचा हाच क्रम लागू पडतो. लाल नळी ट्रॉलीच्या टाकीत हवा भरते, पिवळी ब्रेकचा हुकूम पोहोचवते. दोन्ही नळ्या जोडून इंजिन चालू ठेवायचे, दाब पुरेसा झाला की पेडल दाबायचे आणि दुसऱ्या माणसाने मागे उभे राहून प्रत्येक चाकाजवळचा दांडा सरकतो का, हे पाहायचे. एकही सरकला नाही, तर दोष पिवळ्या नळीत किंवा तिच्या जोडणीत. एकच अडला, तर त्या चाकापाशी. सुईऽऽ असा आवाज येत असेल, तर रबरी वॉशर बदलण्यावाचून गत्यंतर नसते. तो किरकोळ किमतीचा असतो.

लाल नळी सुटली, तर टाकीतील हवेवर ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतो, ही सोय उत्तम. परंतु हवा हळूहळू गळते आणि तासाभराने तीच ट्रॉली मोकळी होऊ शकते. म्हणूनच उभ्या ट्रॉलीच्या चाकाखाली उटी लावावी लागते. आपल्याकडे त्या जागी दगड लावतात, आणि ट्रॉली निघून गेल्यावर तो रस्त्यावरच राहतो. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसतोच असे नाही.