आधी पुस्तकं, मग काळे सदरे

जानेवारी २०२४ मध्ये रोमच्या आक्का लारेंतिया रस्त्यावर एका स्मृतिसभेत शेकडो माणसांनी रांगेत उभं राहून, उजवे हात उंचावून फॅसिस्ट सलाम ठोकला. त्याच महिन्यात इटलीच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, स्मृतिसभेतला असा सलाम आपोआप गुन्हा ठरत नाही. मला ते फार लागलं.

कारण फॅसिझमचं हे विष शिकल्यासवरल्यांनी कालवलेलं आहे. १९०८ मध्ये फ्रेंच विचारवंत सोरेलनं हिंसेला नैतिक तेज चढवलं. १९०९ मध्ये इटालियन कवी मारिनेत्तीनं युद्धाचे गोडवे गायले. दुसरा कवी दानुन्त्सिओ, १९१९ मध्ये फ्यूमे शहर बळकावून सज्जात उभा राहायचा, प्रश्न फेकायचा आणि खालची गर्दी एका सुरात उत्तर द्यायची. मुसोलिनीनं आणि त्याच्या काळे सदरे घातलेल्या टोळ्यांनी हे सगळं आयतं उचललं. १९२५ मध्ये तत्त्वज्ञ जेंतीले यांनी फॅसिस्ट विचारवंतांचा जाहीरनामा लिहिला. दुसरे तत्त्वज्ञ क्रोचे यांनी त्याला सणसणीत उत्तर दिलं खरं. पण आदल्याच वर्षी, विरोधी समाजवादी खासदार मात्तेओत्तींचं अपहरण झाल्यावरही, त्यांनी सिनेटमध्ये मुसोलिनीच्याच बाजूनं मत दिलं होतं. १९३१ मध्ये बाराशेच्या आसपास प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगण्यात आलं. जेमतेम डझनभरांनी नकार दिला. त्याच वर्षी हिंदू महासभेचे नेते, नागपूरचे डॉ. मुंजे रोममध्ये मुसोलिनीला भेटले आणि तिथल्या मुलांच्या लष्करी शिक्षणानं भारावून परतले.

युद्धानंतर, १९४६ मध्ये मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या अनुयायांनी पक्ष काढला. तो कित्येक दशकं सत्तेच्या उंबऱ्याबाहेरच राहिला.

मग नव्वदचं दशक आलं. मी तेव्हा एका दैनिकात परदेशी बातम्या पाहायचो. १९९४ मध्ये त्या पक्षाचे नेते फिनी यांनी मुसोलिनीला शतकातला सर्वांत थोर राजकारणी म्हटलं आणि काही आठवड्यांतच नवे पंतप्रधान बर्लुस्कोनी यांनी त्यांच्या माणसांना मंत्री केलं. माझा लेख ‘आपल्या वाचकांना त्याचं काय’ म्हणून परत आला. आमचे जाणते म्हणत, सत्तेत आले की मवाळ होतील. पुढच्या वर्षी पक्षानं नाव बदललं, तर हेच जाणते म्हणाले, बघा! त्याच वर्षी इटालियन लेखक उंबेर्तो एकोंनी फॅसिझमची चौदा लक्षणं सांगितली. मतभेद म्हणजे द्रोह, हे त्यांतलं एक. आज ते टीव्हीवरच्या रात्रीच्या कुठल्याही चर्चेत ऐकू येतं आणि बोलणारे बहुतेकदा चांगले शिकलेले असतात. त्या मवाळपणाच्या भाकितांचा हिशेब आमच्या त्या जाणत्यांतल्या एकानंही दिलेला नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मेलोनी पंतप्रधान झाल्या. जुन्या पक्षाची तिरंगी ज्योत तुमच्या पक्षाच्या चिन्हातून काढा, असं आउश्वित्झमधून वाचलेल्या लिलियाना सेग्रे यांनी त्यांना निवडणुकीआधीच सांगितलं होतं. १९३८ च्या वंशकायद्यांनी सेग्रे यांना शाळेतून काढलं होतं. ज्योत तशीच राहिली.