टाकी तळाला जाऊ देऊ नका

गेल्या मृगातली गोष्ट. ऐंशी मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, दोन दिवस उघडीप मिळाली आणि काळ्या रानाला वाफसा आला. आमच्या सज्जातल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने सोयाबीनची पेरणी सुरू केली. सहा एकरांपैकी चार एकर उरकले आणि ट्रॅक्टर गचके देत बंद पडला. मी शेजारच्या बांधावर बीजप्रक्रिया दाखवत होतो. 'काय झालं अण्णा?' असं विचारलं, तर म्हणाले, 'साहेब, दिवा सकाळपासनंच लागला होता. म्हटलं, दोन एकराला काय लागतंय, निघंल तेवढ्यात.'

कॅनमधून डिझेल आणून ओतले, पण इंजिन चालू होईना. नळ्यांत हवा शिरली होती. सेल्फ मारमारून बॅटरी उतरली. तालुक्याचा मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता, आणि त्याच रात्री पाऊस कोसळला. पुढे आठ दिवस त्या दोन एकरांत औत घालता आले नाही. एकाच रानातली पेरणी मागे-पुढे झाली, त्यामुळे फवारणी आणि काढणीसुद्धा दोनदा करावी लागली. टाकी सकाळीच भरली असती, तर एवढी पायपीट आणि खर्च झाला नसता.

दिवा लागला तरी काम ओढत राहण्यात बचत कसलीच नाही. डिझेल जेवढे जळायचे तेवढेच जळते. आज नाही भरले तर उद्या भरावेच लागते.

दिव्याचा अर्थ काय?

लहान मोटारीत दिवा लागतो तेव्हा टाकीत साधारण पाच ते सात लिटर तेल असते. हा आकडा गाडीगणिक बदलतो, तो गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत पाहावा. ट्रॅक्टरचे गणित किलोमीटरवर नव्हे, तासावर चालते. नांगरटीला पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तासाला चार-पाच लिटर सहज पितो. शिवाय रान उताराचे असेल तर टाकीतले डिझेल एका बाजूला सरकते. काटा काहीतरी वेगळेच दाखवतो आणि नळीच्या तोंडाशी डिझेल राहत नाही. तेवढ्यातच हवा ओढली जाते.

टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळही असतो. रिकाम्या टाकीत रात्री दमट हवेचे पाणी सुटते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते खाली बसते. टाकी तळाला गेली की हेच फिल्टरकडे आणि पुढे पंपाकडे जाऊ लागते. म्हणून काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी, आणि फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून साचलेले पाणी अधूनमधून काढावे.

हवा धरलीच तर

जुन्या पद्धतीच्या पंपाचा ट्रॅक्टर असेल तर घरच्या घरी हवा काढता येते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक लावा. टाकीत निदान दहा लिटर डिझेल घाला. पहिल्या फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुडे थांबून सलग डिझेल येईल. तेव्हा स्क्रू आवळा. असेच दुसऱ्या फिल्टरवर आणि मग मुख्य पंपावर करा. तरीही चालू झाला नाही, तर नोझलकडच्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारा, डिझेल दिसले की आवळा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये बॅटरीला विसावा द्यावा.

कॉमन रेलच्या इंजिनाला मात्र हा प्रयोग अजिबात करू नका. आजच्या डिझेल मोटारी या प्रकारच्या आहेत. पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले, तेव्हापासून त्यांतही ही इंजिने आली. त्या नळ्यांतला दाब इतका असतो की डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे मिस्त्रीच बोलवावा.

रस्त्यावर असताना

पेट्रोल मोटारीचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. नेहमी तळाशी गाडी चालवली तर तो लवकर जातो. घाटउतारावर तेल वाचावे म्हणून काहीजण गाडी न्यूट्रल करतात. ते चूक आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंजिनाचे तेल आपोआप तोडतात. न्यूट्रलमध्ये उलट तेल जळते आणि इंजिनाचा आधारही जातो. घाटात तेल संपून इंजिन बंद पडले तर स्टिअरिंग जड होते आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकही कडक लागतो. दिवा लागल्यावर वेग एकसारखा ठेवून सर्वांत जवळचा पंप गाठावा.

ऊस वाहतुकीत तर हा जीवाचा प्रश्न आहे. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर बंद पडला की मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही. फडातून निघण्यापूर्वी टाकी पाहावी, ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर असावेत. बंद पडलाच तर कडेला घेऊन बराच मागे खूण ठेवावी. दगड ठेवले असतील, तर निघताना ते आठवणीने उचलावेत. रस्त्यात राहिलेल्या त्या दगडांनीही माणसे पडतात.

ग्रामपंचायतीचा पाण्याचा टँकर, घंटागाडी यांच्या चालकांनाही एक नियम घालून द्यावा. काटा पाव टाकीवर आला की भरायचे आणि वहीत नोंद करायची. आमच्या अण्णांनी आता ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गाळणी लावलेला कॅन ठेवला आहे. संध्याकाळी औत सोडले की आधी टाकी भरतात, मगच घरी जातात.