माळवदावर माती वीतभरच ठेवा

माळवदाच्या घरात भर वैशाखातही जीव निवतो. पत्र्याखाली राहणाऱ्याला विचारा! ऊन अडवते ती वरची पांढरी माती. पण गळतंय म्हणून दर मिरगाआधी नवा थर टाकायचा आणि जुना काढायचा नाही, ही आपली खोड घातक आहे. हिशेब करा. १० बाय १० फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास ओझं, भिजली की आणखी जास्त. कित्येक घरांवर थर दीड-दोन फुटांचा असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि हेच ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

तेव्हा माळवद मोडू नका, हलकं करा. उन्हाळ्यातच माती उतरवा. आठ इंच, म्हणजे जवळपास वीतभर, ठेवा. खाली पातळ थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, वर पुन्हा माती. पन्हाळीकडे उतार हवाच. वाळवी लागलेली तुळई माती काढल्यावरच दिसते, ती तेव्हाच बदला. खांब आणि तुळईच्या जोडाला तिरके टेकू मारून घ्या. ग्रामसेवकांनी निदान थराची जाडी तरी घरोघर मोजावी. माती उतरवताना मात्र खाली घरात कोणी थांबू नये, म्हाताऱ्या माणसांना आधी शेजारी बसवा.