चारशे गोयी

आबांनी ती राखाडी गोळी दाढेखाली धरली, हलकेच दाबली आणि बाहेर काढून उन्हात फिरवून पाहिली. दाताची खूण उमटली होती. "नरम शे," म्हणत त्यांनी ती डाव्या ढिगात टाकली. पुढची चावली, तिच्यावर खूण आली नाही. ती उजव्या ढिगात गेली.

प्रकाशा गावी केदारेश्वराचं दर्शन घेऊन मी तापीच्या घाटाकडे उतरत होतो, तेव्हा हे दिसलं. समोर फेकजाळं पसरलेलं, त्याच्या घेराची किनार उसवलेली आणि मांडीशी शिशाच्या गोळ्यांचा ढीग. मला त्या गोळ्यांपेक्षा ती दाढ विसरता येईना. शिसं तोंडात घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि तो हे काम पन्नास वर्षं करत आलेला होता.

"एका जायाले किती लागतात?" मी विचारलं.

"चारशे गोयी. चार किलो."

म्हणजे दहा ग्रॅमची एक. पुढच्या रविवारी गोळ्या ओतायच्या होत्या. मी येऊ का विचारलं, तर म्हणाले, "ये ना भाऊ, पण दूर बठ."

गोळी या शब्दाला आमच्या जिल्ह्यात वेगळं वजन आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात तिरंगा घेऊन निघालेला शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. आजही ते पडले तो चौक ओलांडताना पाय आपोआप हळू होतात. बंदुकीची गोळी घरच्या घरी ओतणं हा अमेरिकेत अनेकांचा छंद आहे. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे आणि तसंच असावं. कढई, पळी, साचा, वितळलेलं शिसं हे सगळं तिकडच्यासारखंच प्रकाशातल्या भोयाच्या अंगणातही असतं. इथली गोळी मात्र पाण्यात जाळं तळाला नेण्यासाठी असते.

रविवारी सकाळी पोचलो तेव्हा आबांचा नातू तीन दगडांवर लोखंडी कढई ठेवून गोवऱ्या पेटवत होता. अठरा वर्षांचा हा मुलगा शहाद्याला कॉलेजात जातो. पोट भरण्यासाठी त्याला मासे धरायचे नाहीत, हे त्याने मला पहिल्याच पाच मिनिटांत सांगितलं. गोळ्या ओतण्याचा मात्र त्याला शौक आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याने हे शिकायला घेतलं. पहिल्या दिवशी ओतलेल्या सगळ्या गोळ्या सुरकुतलेल्या निघाल्या, कारण साचा थंड होता.

कढईत काय होतं ते महत्त्वाचं. आबांच्या वडिलांच्या जाळ्याचं शिसं त्यात होतं, आबांच्या पहिल्या जाळ्याचं होतं, भंगारवाल्याकडून आणलेली गाडीच्या चाकाची वजनंही होती. "जायं सडी जास, शिसं कोठे जास?" आबा म्हणाले. सुती धागा गेला, नायलॉन आलं, तेही उन्हाने कुजलं, पण वजन तेच पुन्हा वितळून नव्या दोरीवर बसत राहिलं. या नदीकाठी माणूस फार जुना आहे. प्रकाशाच्या टेकाडावर १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर सापडले. आपल्या सातवाहनांनी तर नाणीही शिशाची पाडली. सहज वितळणारा, साच्यात मुकाट बसणारा धातू माणसाला तेव्हाही हवासा वाटला असणार.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. इथे थर्मामीटर नाही. कढईतले तुकडे आधी कडांनी घामेजल्यासारखे दिसतात, मग एकदम बसतात आणि आरशासारखा चकचकीत पृष्ठभाग वर येतो. फार तापलं तर त्यावर निळी-पिवळी साय धरते. नातवाने मेणबत्तीचा तुकडा टाकला, भप्पकन जाळ झाला. त्याने कोरड्या पळीने ढवळून वरची काळपट राख बाजूला काढली. मेणामुळे जळालेल्या शिशाचा काही भाग परत धातू होतो आणि घाण वेगळी निघते. त्या जळक्या मेणाचा वास माझ्या सदऱ्यात घरापर्यंत आला.

साचा म्हणजे घासून सपाट केलेले विटेचे दोन तुकडे, त्यांत समोरासमोर कोरलेले खळगे आणि भोकासाठी मधून जाणारी सायकलची तार. खळग्यांना चिमणीची काजळी धरलेली, म्हणजे गोळी चिकटत नाही. वीट पाणी पिते, म्हणून ती अर्धा तास निखाऱ्यांजवळ ठेवायची. इथे आबांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "एक थेंब पानी पडनं ना, सगयं आंगवर उडस." त्यांनी मनगट पुढे केलं, तिथे चार पांढरे डाग होते. पाण्याची वाफ होताना तिला सुमारे सतराशे पट जागा लागते, हे मी शाळेत शिकलो होतो, पण त्याचा अर्थ त्या मनगटावर कळला.

ओतणं सुरू झालं. पळी, साचा, दहापर्यंत मोजणं, तार ओढणं, साचा उघडणं. पहिल्या दोन खेपा परत कढईत गेल्या, तिसरीपासून गोळ्या गुळगुळीत निघाल्या. नातू मोजत होता. चारशे व्हायला दुपार होणार होती.

तेव्हाच मला कढईची गोष्ट कळली. पूर्वी हे सगळं आत, स्वयंपाकाच्या चुलीवर व्हायचं. पळीही तीच, धुऊन पुन्हा वरणात जायची. तीन वर्षांपूर्वी सुनेला दिवस गेले, तेव्हा तिने एक दिवस कढई उचलून अंगणात ठेवली. "ती कढई घरमा नको." आबा महिनाभर नीट बोलले नाहीत म्हणे. ती ढळली नाही. आता ओतण्याची पळी, चिमटा, हात पुसायचं फडकं, सगळं गोठ्यात खुंटीला असतं आणि धाकटी अडीच वर्षांची नात त्या दिवशी शेजारी पाठवलेली असते.

मला त्या सुनेच्या पाया पडावंसं वाटलं. शिशाचा खरा धोका भाजण्याचा नाही. राखेचे कण हातावर, फडक्यावर, जमिनीवर बसतात, तिथून तोंडात जातात. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवून ठेवतं, वर्षानुवर्षं. तेच बाईच्या गरोदरपणात हाडांतून सुटून रक्तात उतरतं. पोटात गेलेलं शिसं मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं आणि त्याचा घाव मेंदूवर बसतो. सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२०च्या अहवालात भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं असल्याचा अंदाज आहे. त्यात जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवण्याचा वाटा मोठा. आबांच्या घरी बॅटरी फोडत नाहीत. "तेजाबनं काम," म्हणून नातू नाकारतो. फार बरं करतो.

शिशाला पर्याय आहे का, हे मी विचारलं. इंग्लंडने १९८७ मध्ये बहुतेक लहान शिशाच्या मासेमारी वजनांवर बंदी घातली, कारण हंस ती गिळून मरत होते. नुसतं वजन पाहिलं तर आबांची दहा ग्रॅमची गोळी त्या बंदीत बसली असती. आबांनी ऐकून घेतलं. लोखंडाची साखळी लावून पाहिली होती, ती गंजते, दोरी कापते आणि तेवढ्याच वजनाला जाड होते. जाळं हवेत नीट उघडत नाही. हे त्यांनी हात फिरवून दाखवलं, आणि त्या रिकाम्या हातांतूनही मला जाळ्याचं वर्तुळ दिसलं. त्यांच्या या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दाढेचं मात्र बोललो. शुद्ध शिशावर नखाचीही खूण उठते, चावायची गरज नाही, असं म्हणून मी एका गोळीवर नख दाबून दाखवलं. चंद्रकोरीसारखी रेघ उमटली. कडक गोळीवर उमटली नाही. नरमच का हवी, ते नातवाने सांगितलं. गोळी दोरीत ओवून हातोडीने आवळायची असते, कडक असली तर चिरते आणि पहिल्याच फेकीत तापीत जाते.

साडेबारापर्यंत तीनशे चाळीस झाल्या. सुनेने बादली आणि साबण आणून उंबऱ्याबाहेर ठेवला. आबांनी सवयीने एक गोळी उचलली, ती ओठांपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी दाराकडे पाहिलं. मग अंगठ्याचं नख गोळीवर दाबलं. पन्नास वर्षं दोरी ओढून ते नख झिजून बोथट झालं होतं, खूण काही उठेना. दोनदा दाबून पाहिलं. शेवटी गोळी नातवापुढे धरली.

"तू देख."

नातवाने नख दाबलं आणि गोळी डाव्या ढिगात टाकली. "तीनशे एकेचाळीस," तो म्हणाला.